बाजारचा दिवस आणि वर्षाची चटणी



आजच्या व्याख्यानाचा विषय तुम्ही पत्रिकेवर वाचलाच असेल. कोरियातलं खाणं-पिणं, तिथले जुने बाजार आणि रोजच्या रीतीभाती. पत्रिका हातात पडल्यावर अनेकांच्या मनात प्रश्न आला असणार की, इस्लामपुरात कोरिया कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्या-माझ्या घरातच आहे. आपल्या मुली कोरियन मालिका बघतात, किराणा दुकानाच्या फळीवर तिथल्या तिखट शेवयांची पाकिटं आली आहेत, पुण्याजवळ रांजणगावात एलजीचा आणि तळेगावात ह्युंदाईचा कारखाना आहे आणि आपल्या भागातली कितीतरी पोरं तिकडच्या पट्ट्यात नोकरीला आहेत. म्हणजे कोरिया आपल्याकडे पोचलेलाच आहे. पण तो मालिकेतून आणि पाकिटातून पोचला. तिथल्या बाजारात भाजी घेऊन बसलेली म्हातारी आणि थंडीच्या तोंडाला अंगणात कोबीचा ढीग घालून बसलेल्या शेजारणी अजून नीट पोचल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. आणि त्यांच्याबद्दल बोलता बोलता खरं तर आपल्या बाजाराबद्दल, आपल्या चटणीबद्दल आणि आपल्या ताटाबद्दल बोलायचं आहे.

पहिला मुद्दा बाजाराचा. त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याकडे आठवड्याला वार सात, पण घरात खरा वार एकच असतो. बाजारचा वार. पाहुण्याला कधी बोलवायचं, मटण कधी आणायचं, मुलाला चप्पल कधी घ्यायची, रानात बायका कधी मिळणार नाहीत, हे सगळं त्या वारावर ठरतं. वाळवा तालुक्यात भांगलणीला किंवा ऊसलागणीला माणसं लावणाऱ्या कुणालाही विचारा. बाजारादिवशी मजूर बाया रानात येत नाहीत आणि येऊही नयेत. आठवड्याची मजुरी बाजाराच्या तोंडावर हातात पडते आणि बाजारातच तिचं मीठ-मिरची होतं. ज्या घरात महिन्याचा पगार येतो त्या घरानं महिन्याचा किराणा भरावा. ज्या घरात आठवड्याची मजुरी येते त्या घराचं पंचांग आठवड्याचंच असणार. हा बाजार म्हणजे गरिबाची कोठी आहे. गरिबाला साठवण परवडत नाही, म्हणून दर आठवड्याला त्याची कोठी रस्त्यावर उघडते.

आता कोरियात काय आहे बघा. तिथला जुना बाजार दर पाच दिवसांनी भरतो. वारावर नाही, तारखेवर. एका गावाचा बाजार दोन आणि सात या आकड्यांवर संपणाऱ्या तारखांना, पलीकडच्या गावाचा तीन आणि आठला, त्याच्या पुढच्याचा चार आणि नऊला. सोलजवळच्या सोंगनाम शहरात मोरान नावाचा बाजार आहे, तो आजही चार, नऊ, चौदा, एकोणीस, चोवीस आणि एकोणतीस तारखेला भरतो. शेजारच्या गावांच्या तारखा एकमेकींवर पडत नाहीत. का? कारण फिरता व्यापारी पाठीवर गाठोडं घेऊन पाच दिवसांत पाच गावं करून परत पहिल्या गावाला यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात असे हजाराच्या आसपास बाजार भरत होते.

हे ऐकताना तुम्हाला नवल वाटलं का? मला वाटलं नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? आटपाडीचा बाजार शनिवारचा, शेळ्या-मेंढ्यांचा. सांगलीचाही शनिवारचा, पण तिथलं गिऱ्हाईक वेगळं, माल वेगळा. आणि जी गावं एकमेकांना लागून आहेत त्यांचे वार मात्र पूर्वापार वेगवेगळे. बांगड्यांची माळ घेऊन फिरणारा कासार, कुंकू-बुक्का आणि अत्तराची पेटी घेऊन बसणारा आतार, पानाची पाटी घेतलेला तांबोळी, फळाच्या हारीपुढचा बागवान, बुट्ट्या-सुपं आणणारा बुरूड, पाटे-वरवंटे मांडणारा वडार, सगळे सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. हे वेळापत्रक कुण्या सरकारनं काढलं नाही. चालणाऱ्या माणसाच्या पायांनी ते ठरवलं. जगाच्या दोन टोकांना दोन समाज एकमेकांना न विचारता एकाच गणितावर आले, कारण दोन्हीकडे एका गावाच्या गिऱ्हाइकीवर व्यापाऱ्याचं पोट भरत नव्हतं.

आतार मुसलमान आणि कुंकू विकणार हिंदू सवाष्णीला. याचं आपल्याला कधी आश्चर्य वाटलं नाही, यातच बाजाराची थोरवी आहे. पण बाजार म्हणजे सगळा समतेचा सोहळा होता असं मी म्हणणार नाही. कोण कुठं बसायचं, कुणाच्या हातावर पैसा वरून टाकायचा, कुणाच्या हातचं पाणी चालायचं नाही, हे जातीनं ठरवलेलं होतं. वाटेगावच्या ज्या वस्तीतून अण्णा भाऊ साठे उठले त्या वस्तीला बाजारात मानानं जागा नव्हती. तरीही गावच्या वेशीच्या आत जे शक्य नव्हतं ते बाजाराच्या गर्दीत थोडं थोडं शक्य होत गेलं. रोख पैसा द्यायचा आणि माल घ्यायचा, या व्यवहारात बलुत्याची लाचारी नव्हती. म्हणून बाजारचं गाव मोकळं वाटायचं.

बाजार आपोआप भरत नाही, तो भरवावा लागतो, ही जाण आपल्या पूर्वजांना होती. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल दिला जाई. इथं या, दुकान मांडा, अमुक वर्षं पट्टी माफ. पेठेला शेटे आणि महाजन हे वतनदार असत. चिंतामणराव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीला राजधानी केली तेव्हा गणपती मंदिराइतकीच काळजी पेठांची घेतली, म्हणून सांगली व्यापाराचं गाव झालं. बाजार हे राज्यकर्त्याचं काम मानलं जात होतं. आज आपण बाजाराकडे कसं बघतो? रहदारीला अडथळा म्हणून.

इथं मला सोलच्या एका बाजाराची हकीकत सांगितलीच पाहिजे. ग्वांगजांग त्याचं नाव. १९०५ साली जपानचा कोरियावरचा ताबा घट्ट होत होता आणि राजधानीतल्या मोठ्या बाजारपेठेवर जपानी व्यापाऱ्यांची पकड बसू लागली. तेव्हा कोरियन व्यापाऱ्यांनी पैसे गोळा करून आपला स्वतःचा बाजार उभा केला. रोज भरणारा, आपल्या मालकीचा. १९०५ म्हणजे आपल्याकडे कोणतं साल? वंगभंगाचं साल, स्वदेशीचं साल, पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली ते साल. आपण कापड जाळलं, त्यांनी बाजार बांधला. दोन्हींत धग एकच होती. तो बाजार आजही चालू आहे. भिजवलेले मूग जात्यावर वाटून, तेलात थापून केलेलं जाडजूड धिरडं हा तिथला नामांकित पदार्थ. आपल्या घरच्या मुगाच्या धिरड्याची ती सख्खी बहीण. बाकड्यावर शेजारी शेजारी बसून साहेबानं आणि हमालानं ते खावं, अशी तिथली रीत.

पण कोरियाच्या बाजारांवरही वाईट दिवस आलेच. १९९० नंतर मोठमोठी मॉल-दुकानं शहराशहरांत उभी राहिली आणि जुने बाजार ओस पडू लागले. मग त्या देशानं काय केलं? नुसती हळहळ केली नाही. बाजारांवर छप्परं घातली, स्वच्छतागृहं बांधली, गाड्या लावायला जागा केली. २००९ साली फक्त जुन्या बाजारातच चालतील अशी खरेदीची कुपनं काढली, आणि ती सणासुदीला भेट म्हणून देण्याची पद्धत पडली. २०१२ पासून कायद्यानं मोठ्या दुकानांना महिन्यातून दोन दिवस बंद ठेवण्याची सक्ती केली. त्यावर कोर्टकज्जे झाले, वाद झाले, अजूनही चालू आहेत. देगू शहरानं २०२३ मध्ये हा बंद रविवारवरून हलवून सोमवारवर नेला. या उपायांनी सगळे बाजार वाचले का? नाही वाचले. बरेच गेले. पण तो देश श्रीमंत झाल्यावरसुद्धा बाजार ही राखायची गोष्ट आहे असं त्यानं ठरवलं, आणि त्यासाठी पैसा मोजला. मला हे महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. २०१६ साली पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, शेतकऱ्यानं थेट शहरात माल विकावा म्हणून. चांगलं काम आहे. पण ते शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्यासाठी. गावातला, तालुक्यातला जो जुना बाजार आहे, जिथं विकणारीही गरीब आणि घेणारीही गरीब, त्याच्याकडे कुणी बघायचं?

आणि हा बाजार आपल्याला आता पूर्वीपेक्षा जास्त लागतो, हे ध्यानात घ्या. वाळवा तालुका म्हणजे कृष्णा-वारणेच्या मधला काळ्या रानाचा मुलूख. राजारामबापूंनी साखराळ्याला कारखाना उभा केला, वाळव्याला नागनाथअण्णांनी हुतात्मा कारखाना उभा केला. उसानं या भागाला पक्की घरं दिली, शाळा-कॉलेजं दिली. त्याबद्दल कृतज्ञच राहिलं पाहिजे. पण उसानं बांधावरची तूर गेली, परसातली वांगी-मिरची गेली आणि शाळूचं रान गेलं. आज ऊसवाला शेतकरी बाजारात जाऊन शाळू विकत घेतो. तो शाळू कुठून येतो? जतेकडून, मंगळवेढ्याकडून. ज्याच्या रानात बारमाही पाणी आहे त्याची भाकरी कोरडवाहू शेतकरी पिकवतो. हे दोघं जिथं समोरासमोर येतात ती एकमेव जागा म्हणजे बाजार.

बाजारातल्या वागण्याबद्दल एक छोटी गोष्ट सांगून पुढं जाते. आपल्याकडे भाजी वाट्यावर मिळते. वाटा घेतला की बाई वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते. ती टाकली नाही तर गिऱ्हाईक मागून घेतं आणि बाईलाही त्यात काही वावगं वाटत नाही. कोरियाच्या बाजारातही म्हातारी तोलून झाल्यावर मूठभर वर टाकते. तिथले लोक सांगतात की, मॉलमध्ये सगळं मिळतं, ती मूठ तेवढी मिळत नाही. सकाळची पहिली विक्री झाली की आपली बाई पैसा कपाळाला लावते. संध्याकाळी बाजार उठताना दहाचा वाटा पाचला होतो आणि ज्यांच्याकडे पाचच असतात त्या बाया नेमक्या त्या वेळेलाच येतात. दुपारचं गिऱ्हाईक वेगळं आणि दिवेलागणीचं वेगळं. भाव एकच ठेवणाऱ्या दुकानाला हे कधी जमणार नाही.

आता दुसरा मुद्दा. चटणीचा.

चटणी म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढं हिरवी वाटी येईल. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात चटणी म्हणजे वर्षाची चटणी. कांदा-लसणाची. होळी झाली, ऊन तापलं की मिरचीचा बाजार सुरू होतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी. ब्याडगी हावेरीकडची, संकेश्वरी बेळगावच्या सीमेवरची, म्हणजे आपल्या चटणीला राज्याची सीमा मान्य नाही. मग देठं खुडायची, अंगणात नाहीतर माळवदावर वाळवायची. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं. हळकुंड तेलात तळायचं. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र, बाद्यान, शहाजिरं. कांदा उभा चिरून, वाळवून, तळून. लसूण सोलायला तर अख्खी दुपार. आणि मग पाट्या डोक्यावर घेऊन डंकावर रांग. डंकाचा धपधप आवाज, ठसका, डोळ्यांतून पाणी, तोंडाला बांधलेला पदर. घरी आल्यावर चाळून, मीठ मिसळून, बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षाची बेगमी झाली.

या सगळ्यात एकटी बाई कुठं आहे का? नाही. लसूण सोलायला शेजारची आक्का, खोबरं किसायला जाऊबाई, डंकावर सोबतीला पलीकडची मावशी. आज तुझी, उद्या माझी. रानात जसा पैरा, तसा चटणीलाही पैरा. आणि चटणी झाली की प्रत्येकीच्या घरी वाटीभर जाणार. चव बघायला. सगळ्या गल्लीच्या जिभेची परीक्षा त्या वाटीवर.

आता नोव्हेंबरच्या अखेरीला कोरियात चला. तिथं हिवाळ्यात जमीन गोठते, हिरवं पान दिसत नाही. म्हणून थंडीच्या तोंडाला घरोघरी हिवाळाभराच्या किमचीचं काम निघतं. त्याला किमजांग म्हणतात. लांबट कोबीचे गड्डे उभे चिरून रात्रभर मिठात मुरवतात. सकाळी धुऊन निथळतात. मुळ्याचा कीस, लसूण, आलं, कांद्याची पात, खारवलेली बारीक कोलंबी आणि भरपूर लाल तिखट यांचं सारण कोबीच्या पानापानाला हातानं चोळतात. मातीच्या रांजणात भरतात. पूर्वी ते रांजण जमिनीत पुरत, म्हणजे बाहेर बर्फ असला तरी आत किमची बेतानं आंबत राही. एका घराला शंभर-शंभर गड्डे लागायचे. एकटीनं होणार कसे? म्हणून शेजारणी जमतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आपण ज्याला पैरा म्हणतो त्याला ते पुमासी म्हणतात. काम झालं की ताजी किमची आणि उकडलेलं डुकराचं मांस सगळ्यांनी बसून खायचं आणि जाताना प्रत्येकीनं आपला डबा भरून न्यायचा.

मिरचीबद्दलही एक गंमत ऐका. जिच्याशिवाय आपली चटणी नाही आणि त्यांची किमची नाही, ती मिरची दोघांचीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज तिला गोव्याला घेऊन आले आणि तिथून ती घाट चढली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती कोरियात पोचली, पण किमचीत पडायला आणखी शंभराहून जास्त वर्षं गेली. त्याआधीची किमची पांढरी, खारी. त्याआधीचं आपलं कालवण मिऱ्याचं. ज्ञानेश्वरांनी मिरची पाहिली नव्हती. ज्याला आपण बापजाद्यांची चव म्हणतो ती चारेकशे वर्षांची आहे. बाहेरून आलेली गोष्ट कष्टानं, पिढ्यान् पिढ्या कुटून कुटून आपली होते, हे चटणीइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही.

२०१३ साली युनेस्कोनं किमजांगची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आता इथं सगळ्यांनी लक्ष द्यावं अशी विनंती आहे. नोंद किमची या पदार्थाची झाली नाही. किमची मिळून करण्याची आणि वाटून घेण्याची नोंद झाली. २०२४ साली त्याच देशाच्या सोयाबीन आंबवून चटण्या-रस्से करण्याच्या विद्येचीही नोंद झाली. म्हणजे जगानं मान्य केलं की, बायकांनी अंगणात बसून पिढ्यान् पिढ्या जे केलं ते ज्ञान आहे. किती मीठ, किती तास, कोणत्या महिन्यात, कोणत्या भांड्यात, हे ज्ञान आहे.

मग आपल्या डंकावरच्या रांगेत काय आहे? अज्ञान आहे? हळकुंड किती तळायचं, मिरचीचं प्रमाण पावसाळा लांबला तर कसं बदलायचं, बरणीला बुरशी येऊ नये म्हणून हिंग कुठं ठेवायचा, हे सगळं माहीत असलेल्या बाईला जनगणनेच्या कागदावर आपण काय लिहितो? घरकाम. कधी कधी तर 'काही नाही'.

असंच ज्ञान हळद साठवण्यातही होतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली कोठारं. तिथल्या मातीचा गुण असा की, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. हरिपूरच्या पेवांवर सांगलीचा हळदीचा व्यापार उभा राहिला. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, बहुतेक पेवं निकामी झाली, हळद गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी बेदाण्याला मिळालं होतं. आनंद आहे. पण मानांकन मिळालं तेव्हा पेवं उरली होती किती? कोरियानं जमिनीत पुरलेल्या रांजणाची विद्या लिहून काढली, शिकवली, आणि पुढं किमचीसाठी वेगळा फ्रीज काढला, ज्यात रांजणासारखंच तापमान राहतं. जुन्या विद्येवर नवं यंत्र बसवलं. आपल्या पेवांची विद्या पुराच्या पाण्यात गेली आणि तिच्यावर कुणी यंत्र बसवलं नाही.

मी कोरियाचं कौतुक करते म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. तिथल्याही तरुण सुना आता किमजांग नको म्हणतात, विकतची आणतात. हॉटेलांत वाढली जाणारी किमची पुष्कळदा चीनहून आलेली असते. २०१० च्या पावसाळ्यात कोबीचं पीक बुडालं, कोबीचे भाव आकाशाला भिडले तेव्हा सरकारला आयात करावी लागली आणि वर्तमानपत्रांचे रकाने कोबीनं भरले. आपल्याकडे कांद्यानं सरकारं हलतात, तिकडे कोबीनं. सामान्य माणसाच्या ताटातली एक वस्तू हलली की राज्य हलतं, आणि ते बरोबरच आहे.

ताटाचा विषय निघाला तेव्हा तिसऱ्या मुद्द्याकडे येते. तो मी थोडक्यात सांगणार आहे.

भुकेची आठवण दोन्हीकडे आहे. कोरियात मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं आणि बार्ली अजून निघालेली नाही अशा वसंतातल्या दिवसांत माणसं झाडांच्या साली उकडून खायची. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर अमेरिकन फौजेच्या छावणीतलं उरलंसुरलं डबाबंद मांस किमचीत घालून रस्सा केला गेला. तो रस्सा आज तिथल्या हॉटेलांत आवडीनं खातात. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या माणसांना मिळालेली सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो. या सभागृहात तो मिलो खाल्लेले लोक बसले आहेत. त्यांनी मिलोचा पदार्थ केला नाही, तो विसरायचा प्रयत्न केला. दोन्ही वागण्यांमागं अपमान एकच होता. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, आंबील हे आपलं मूळचं गरिबीचं अन्न. त्याची लाज वाटण्याचं काही कारण नाही. २०२३ हे वर्ष जगानं भरडधान्यांचं म्हणून पाळलं, त्याआधी शेकडो वर्षं ते जतेच्या बाईनं पाळलं आहे.

आणि जेवायला बसण्याची रीत. कोरियात घरातल्या वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही. मोठ्यांकडून काही घेताना दोन्ही हात पुढं करतात. हे मालिकेत पाहून आपल्या मुली त्याचं कौतुक करतात. पण तिथल्या जुन्या घरात पुरुषांना वेगवेगळ्या छोट्या चौरंगांवर जेवण वाढलं जाई आणि बायका मागाहून स्वयंपाकघरात उरलेलं खात, हे मालिकेत फारसं दिसत नाही. आजही तिथं सण आला की सुनांची कंबर मोडते, आणि सणानंतरच्या त्या दुखण्याला चक्क आजाराचं नाव पडलेलं आहे. आपल्याकडे वेगळं आहे? बेंदराच्या पोळ्या लाटणारी बाई किती वाजता जेवते? शेवटची पोळी कुणाला मिळते?

याच मातीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गांधी लग्नं लावली. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज काढून पंगती नाहीत. इंग्रजी सत्तेशी लढताना त्या माणसांना पंगतीचा विचार करावासा वाटला, कारण शेतकऱ्याचं घर पंगतीनं बुडतं हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या पुढं जायचं तर पंगतीत कोण बसतं इतकंच बघून भागणार नाही, वाढतं कोण तेही बघावं लागेल. चटणीची वाटी शेजारी पाठवणारी आपली संस्कृती मोठी आहे यात शंका नाही. ती कुणाच्या मनगटावर मोठी झाली, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

आता मागण्या. स्मृतिव्याख्यान आहे, भाषण ऐकून घरी जायचं असा शिरस्ता आहे, पण मी मागितल्याशिवाय थांबणार नाही.

कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. या उन्हाळ्यात आपल्या आजीची चटणी लिहून काढा. अंदाजानं नको, वजन करून. मिरची किती किलो, कोणत्या बाजारातून, धणे किती, मीठ किती, डंकावर किती वेळ, मदतीला कोण कोण आलं, वाटी कुणाकुणाला गेली. गावागावांतून हे जमा झालं तर वाळवा तालुक्याची स्वतःची नोंद तयार होईल. त्यासाठी युनेस्कोची वाट बघायची गरज नाही. कारखान्याच्या गाळपाचे आकडे आपण दरवर्षी छापतो, याचेही छापू.

दुसरी मागणी गावाच्या कारभाऱ्यांकडे, मग ते ग्रामपंचायतीचे असोत की नगरपरिषदेचे. बाजारात बसणाऱ्या प्रत्येकीकडून पावती फाडून पैसे घेतले जातात. त्या पैशातून तिला काय मिळतं? सकाळी पाटी घेऊन आलेली बाई दिवस मावळेपर्यंत तिथं बसते. तिच्या डोक्यावर सावली आहे का? प्यायला पाणी आहे का? आडोसा आहे का? गावोगावच्या बाजारांत कितीतरी बाया दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण घेतला तर जायचं कुठं. सात-आठ तास पाणी न पिता बसणं हे रोज रोज केलं तर शरीराचं काय होतं, ते इथं बसलेल्या डॉक्टरांनी सांगावं.

पाऊस आला की चिखल, ऊन आलं की फाटकी छत्री, आणि वर रहदारीला अडथळा म्हणून शिव्या. बाजाराला ओटे हवेत, छप्पर हवं, रात्रीचा दिवा हवा, आणि बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह हवं. बाजाराच्या पावतीतून जमा होणारा पैसा बाजारावरच खर्च व्हावा आणि किती जमला, किती खर्च झाला, हे बाजाराच्या तोंडाशी फळ्यावर लिहावं. यासाठी कोरियाइतकं श्रीमंत व्हावं लागत नाही. इथं बसलेल्यांपैकी अनेकजण निवडून आलेले आहेत, अनेकजण पुढं येणार आहेत. पुढच्या अंदाजपत्रकात बाजारासाठी स्वतंत्र रक्कम धरा. आणि बाकीच्यांनी येत्या बाजारादिवशी भाजी घेताना त्या मावशीला एवढंच विचारा की, तिला काय हवं आहे. ती जे सांगेल ते लिहून सभेत मांडा.